गवताची डिग्री

‘गवतात डिग्री’ म्हटलं की आम्ही इंजिनियर मंडळी हसतो. पण अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठ ती खरंच देतं! तिथे शिकवतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा.

आपल्याकडे हे ज्ञान मैदानावरच मिळवलेलं. अंधेरीहून चर्चगेट लोकल पकडा, वानखेडे गाठा. तिथली खेळपट्टी आधी पॉली उम्रीगर यांनी, पुढे सुधीर नाईक यांनी सांभाळली. नाईक ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे एमएस्सी, १९७४ साली कसोटी खेळलेले. २ एप्रिल २०११ च्या वर्ल्ड कप फायनलची खेळपट्टी त्यांचीच. २०२३ साली ते गेले.

असा माणूस गेला की हाताखालच्यांना सांगितलं तेवढंच मागे उरतं. डिग्री हवी ती यासाठी. आमच्या भाषेत सांगायचं तर, डॉक्युमेंटेशन!