गणिती जीवशास्त्र आणि त्याचे आश्रयदाते

दोन शास्त्रांचा संयोग घडावयाचा तर कोणी तरी द्रव्य पुरवावे लागते, ही गोष्ट शास्त्रांचे इतिहासकार बहुधा तळटीपेत टाकतात. गणित व जीवशास्त्र यांच्या बाबतीत ती मजकुरात घेणे अवश्य आहे. कारण येथे संयोगाची ओढ संशोधकांइतकीच अनुदान देणारांनाही होती.

वॉरेन वीव्हर हा स्वतः गणिताचा प्राध्यापक. १९३२ साली तो रॉकफेलर प्रतिष्ठानच्या निसर्गविज्ञान विभागाचा संचालक झाला आणि जीवशास्त्रात भौतिकशास्त्राच्या व गणिताच्या पद्धती आणू पाहणाऱ्या संशोधकांस प्रतिष्ठानने आश्रय दिला. त्यांपैकीच एक निकोलस राशेव्हस्की. पिट्सबर्ग येथे वेस्टिंगहाऊस कंपनीत नोकरीस असलेला हा भौतिकशास्त्रज्ञ रॉकफेलरची अधिछात्रवृत्ती मिळून १९३४ मध्ये शिकागो विद्यापीठात आला. १९३९ मध्ये त्याने गणिती जीवभौतिकीचे नियतकालिक सुरू केले. चेतापेशींचे व्यवहार तर्कशास्त्राच्या चिन्हांत मांडणारा मॅक्कुलक व पिट्स यांचा १९४३ चा सुप्रसिद्ध निबंध त्यातच छापला गेला. पुढे विद्यापीठात गणिती जीवशास्त्राची स्वतंत्र समितीही स्थापन झाली.

तथापि जीवशास्त्रज्ञ दूरच राहिले. १९३४ च्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिषदेत राशेव्हस्कीने पेशी गोल आहे असे धरून तिच्या विभाजनाचे गणित मांडले, तेव्हा चार्ल्स डेव्हनपोर्टने हरकत घेतली, की बहुतेक पेशी गोल नसतातच. राशेव्हस्कीची रीत भौतिकशास्त्राची होती : आधी साधी, कल्पित वस्तू घ्यावी, मग हळूहळू खऱ्या वस्तूकडे वळावे. भाषेच्या अभ्यासकास हा वाद तत्त्वाचा कमी आणि अर्थाचा अधिक वाटेल. ‘स्पष्टीकरण’ हा शब्द उभयपक्षी एकच. पण एकास त्यातून संभवनीय कारण अभिप्रेत होते, तर दुसऱ्यास प्रत्यक्षात घडणारे. अनुदानाने माणसे एका इमारतीत बसविता येतात, शब्दांचे अर्थ जुळविता येत नाहीत. १९५४ साली समितीच्या अंदाजपत्रकास मोठी कात्री लागली (तीमागे त्या काळच्या राजकारणाचाही भाग होता), आणि १९६४ मध्ये राशेव्हस्कीने राजीनामा देऊन मिशिगनची वाट धरली.

आश्रयावाचून असे कार्य होतच नाही, असे मात्र नव्हे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे एक सूत्र प्रसिद्ध केले. हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात गुणसूत्रांतील एक अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीस अडथळा करीत नाही, असे गृहीत होते. कोसंबींनी तो अडथळा हिशेबात घेतला. ते सूत्र आजही आनुवंशिक नकाशे काढणारे वापरतात. येथे केंद्र नव्हते, समिती नव्हती. परंतु प्रश्न आनुवंशिकीनेच घातलेला होता आणि उत्तर प्रयोगाच्या आकड्यांशी पडताळून पाहता येत होते. राशेव्हस्कीच्या गोल पेशीला नेमकी हीच जोड मिळाली नाही.

अर्थात एका सूत्राचे काम वेगळे आणि आजच्या जनुकीय सामग्रीच्या राशी उपसणे वेगळे. ते एकट्यादुकट्याच्या आवाक्यातील नव्हे. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने ओहायो राज्य विद्यापीठात गणिती जीवविज्ञानाची संस्था निघाली. २०१८ मध्ये त्याच प्रतिष्ठानने सायमन्स प्रतिष्ठानसह एकूण ४ कोटी डॉलर देऊन जॉर्जिया टेक, हार्वर्ड, नॉर्थवेस्टर्न व अर्व्हाइन येथे ४ केंद्रे उभारली. येथे गणिती व जीवशास्त्रज्ञ यांनी प्रश्नाच्या निवडीपासूनच एकत्र काम करणे अपेक्षित होते, आणि शिकागोच्या अनुभवाशी ताडून पाहता हा फरक रकमेहून मोठा आहे. मुदत मात्र ५ वर्षांची. एखाद्या गणित्यास प्रयोगशाळेची परिभाषा अंगवळणी पडून तिच्यात विचार करता यावा, यास ५ वर्षे अपुरी पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२०२३ मध्ये याच दोन प्रतिष्ठानांनी ५ कोटी डॉलरची आणखी एक राष्ट्रीय संस्था मंजूर केली. तीही ५ वर्षांसाठीच. ती नॉर्थवेस्टर्न आणि शिकागो या विद्यापीठांची संयुक्त संस्था असून तिचे ठाणे शिकागो शहरातच आहे.