थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीतील फरसबीचे कॅसरोल : दुधाविना साधणारा सायीचा दाटपणा

अमेरिकेत दरवर्षी नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' हा कृतज्ञतेचा सण साजरा केला जातो. या दिवशीच्या मेजवानीत भाजलेल्या टर्कीला मुख्य मान असला, तरी एका भाजीचे स्थानही जवळजवळ तितकेच पक्के झाले आहे. फरसबी, अळिंबीचा दाट पांढरा रस्सा आणि वर तळलेल्या कांद्याचा कुरकुरीत थर, असे या 'ग्रीन बीन कॅसरोल'चे स्वरूप असते. मूळ कृतीत दूध आणि साय असल्याने प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्या व्हीगन पाहुण्यांना मात्र ती चालत नाही. काजू, मैदा आणि अळिंबी यांच्या आधारे हाच पदार्थ दुधाविना, आणि चवीत उणीव न ठेवता, करता येतो.

'कॅसरोल' या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतीय घरांत कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवण्याचा झाकणाचा डबा. मूळ फ्रेंच भाषेत हा शब्द स्वयंपाकाच्या भांड्याचा वाचक असून, पुढे इंग्रजीत भट्टीत भाजण्याचे पसरट, खोलगट भांडे आणि त्यात शिजवलेला पदार्थ या दोहोंना तो लावला जाऊ लागला. ज्या भांड्यात पदार्थ भाजला जातो, त्याच भांड्यातून तो वाढलाही जातो.

सण जुना, पदार्थ नवा

प्लायमाउथ येथील इंग्रज वसाहतकारांनी आणि तेथील मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांनी १६२१ साली केलेल्या सुगीच्या भोजनाशी या सणाचा संबंध जोडला जातो. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली राष्ट्रीय पातळीवर आभारदिन जाहीर केला, तर १९४१ साली अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार निश्चित झाला.

फरसबीचे कॅसरोल त्या मानाने अलीकडचे आहे. न्यू जर्सी राज्यातील कॅमडेन येथे कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोगशील स्वयंपाकघरात काम करणाऱ्या डॉर्कस रायली यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५५ साली ही कृती सिद्ध केली. घराघरांत सहज असणाऱ्या वस्तूंपासून झटपट करता येईल असा पदार्थ सुचवणे, एवढाच त्यामागील हेतू होता. फरसबी, कंपनीचे १९३४ पासून बाजारात असलेले डबाबंद अळिंबीचे सूप, दूध, सोया सॉस, मिरपूड आणि तयार तळलेला कांदा, अशा अवघ्या सहा जिनसांची ती कृती होती. रायली यांच्या हस्ताक्षरातील मूळ कार्ड २००२ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथील राष्ट्रीय संशोधक सन्मान संस्थेकडे सुपूर्द करण्यात आले. रायली यांचे २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात वयाच्या ९२ व्या वर्षी निधन झाले.

शाकाहारी आणि व्हीगन

इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हीगन' हा शब्द रूढ केला. भारतातील शाकाहारात दूध, दही, तूप आणि मध यांना पूर्ण मुभा आहे. व्हीगन आहारात मात्र मांस, मासे आणि अंडी यांच्याबरोबरच दूध, दुधाचे सर्व पदार्थ आणि मध हेही वर्ज्य असतात. त्यामुळे शाकाहारी पाहुण्यासाठी केलेला पदार्थ व्हीगन पाहुण्याला चालेलच असे नाही. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियमावली लागू केली असून, अशा पदार्थांच्या वेष्टनासाठी स्वतंत्र चिन्हही ठरवून दिले आहे.

थँक्सगिव्हिंगच्या पारंपरिक मेजवानीत हा फरक ठळकपणे जाणवतो. कुस्करलेल्या बटाट्यांत लोणी आणि दूध, पावाच्या सारणात मांसाचे पाणी, भोपळ्याच्या पायमध्ये अंडी आणि दूध असल्याने व्हीगन व्यक्तीच्या वाट्याला क्रॅनबेरीच्या चटणीपलीकडे फारसे काही उरत नाही. पाहुण्यासाठी वेगळी वाटी बाजूला काढून ठेवली, तर त्याची सोय होते. पण तो पंगतीत वेगळाच राहतो. सर्वांनी एकाच भांड्यातून वाढून घ्यावा असा एखादा पदार्थ असणे, हे म्हणूनच सणाच्या भावनेला अधिक साजेसे ठरते. हे कॅसरोल त्या दृष्टीने सोयीचे आहे, कारण त्यातील दुधाचे काम दुसऱ्या जिनसा चोख बजावतात.

दाटपणाचे रहस्य

साय म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब होत. प्रथिनांच्या आवरणामुळे हे थेंब एकमेकांत मिसळून वेगळे होत नाहीत आणि जिभेला मऊ, गुळगुळीत स्पर्श जाणवतो. हीच रचना काजूपासून साधता येते. १०० ग्राम कच्च्या काजूत सुमारे ४४ ग्राम स्निग्ध पदार्थ आणि १८ ग्राम प्रथिने असतात. शिवाय काजूत पिष्टमय अंश बदामापेक्षा बराच अधिक असल्याने, पाण्याबरोबर बारीक वाटलेले काजू तापवताच दाट होतात. उत्तर भारतीय पद्धतीच्या रश्श्यांना काजूची पेस्ट लावून दाटपणा आणला जातो, त्यामागेही हेच कारण आहे. मूळचा ब्राझीलचा हा वृक्ष पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि गोवा व कोकणच्या मातीत तो चांगला रुजला.

मैद्याचे काम याला पूरक असते. तेलात परतलेल्या मैद्यात पाणी घालून तापवले की पिठातील कण पाणी शोषून फुगतात आणि रस्सा घट्ट होतो. मैदा आधी तेलात परतल्याने त्याचे कण सुटे होतात, गुठळ्या होत नाहीत आणि कच्चा वासही जातो. अळिंबीत नैसर्गिकरीत्या असणाऱ्या ग्लुटामेटमुळे रश्श्याला भरीव चव येते. सोया सॉस ती आणखी वाढवतो.

साहित्य (सहा ते आठ व्यक्तींसाठी)

• कोवळी फरसबी : ७०० ग्राम
• बटण अळिंबी : २५० ग्राम
• कच्चे, बिनमिठाचे काजू : १२० ग्राम
• काजू वाटण्यासाठी पाणी : ३०० मिलिलीटर
• भाज्या उकळून गाळलेले पाणी : २५० मिलिलीटर
• रश्श्यासाठी मध्यम कांदा : १, बारीक चिरलेला
• लसूण : ४ पाकळ्या
• मैदा : २ मोठे चमचे
• तेल : ३ मोठे चमचे
• सोया सॉस : १ मोठा चमचा
• लिंबाचा रस : १ लहान चमचा
• मीठ, मिरपूड आणि चिमूटभर जायफळाची पूड
• वरच्या थरासाठी : २ मोठे कांदे, ३ मोठे चमचे मैदा आणि तळणीपुरते तेल

कृती

काजू उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजत घालावेत. नंतर ते निथळून, ३०० मिलिलीटर ताज्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटावेत. बोटांच्या चिमटीत घेतल्यास कण लागता कामा नये. कण राहिल्यास रस्सा रवाळ लागतो. पुढे कितीही शिजवले तरी हा दोष जात नाही.

वरच्या थरासाठीचे कांदे पातळ उभे चिरून कागदावर किंवा कापडावर पसरावेत. ओलसरपणा कमी झाल्यावर त्यांना मैदा आणि मीठ चोळून, मध्यम आचेवर थोडे थोडे करून सोनेरी रंगावर तळावे. बिर्याणीसाठी कांदा तळण्याची पद्धत ज्यांना अवगत आहे, त्यांना हे काम नवे नाही. तेलातून काढल्यावरही कांद्याचा रंग थोडा गडद होतो, म्हणून तो किंचित आधीच काढावा.

फरसबीची टोके व शिरा काढून तिचे दीड इंच लांबीचे तुकडे करावेत. भरपूर पाण्याला आधण आणून, त्यात मीठ घालून, तुकडे पाच मिनिटे उघड्या भांड्यात शिजवावेत व लगेच थंडगार पाण्यात टाकावेत. भाजी अधिक वेळ शिजत राहिली तर तिच्यातील हरितद्रव्याचे स्वरूप बदलून तिला मळकट रंग येतो. थंड पाण्याने ही क्रिया थांबते. त्यानंतर फरसबी पूर्णपणे निथळून कापडावर कोरडी करावी. तिच्यासोबत राहिलेले पाणी भट्टीत रश्श्यात उतरते आणि दाटपणा नाहीसा होतो.

पसरट कढईत तेल तापवून चिरलेल्या अळिंबी मोठ्या आचेवर परताव्यात. त्यांना सुटलेले पाणी आटून कडा तपकिरी होईपर्यंत मीठ घालू नये. नंतर कांदा आणि ठेचलेला लसूण घालून मऊ होऊ द्यावा. त्यावर मैदा भुरभुरून दोन मिनिटे परतावा आणि भाज्यांचे पाणी थोडे थोडे घालत ढवळत राहावे. मिश्रण उकळून घट्ट झाल्यावर आच मंद करावी, काजूचे वाटण मिसळावे व तीन-चार मिनिटे सतत ढवळावे. काजूचे मिश्रण तळाला लवकर लागते, याकडे लक्ष द्यावे. शेवटी सोया सॉस, मिरपूड, जायफळ, लिंबाचा रस आणि चव पाहून मीठ घालावे. या टप्प्यावर रस्सा पळीवरून सावकाश ओघळावा, इतका सैल असावा. भट्टीत तो आणखी आळतो.

रश्श्यात फरसबी आणि तळलेल्या कांद्याचा एक तृतीयांश भाग मिसळून मिश्रण भट्टीच्या भांड्यात पसरावे. १८० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये ते २५ मिनिटे, कडेला बुडबुडे येईपर्यंत ठेवावे. उरलेला कांदा वर पसरून आणखी पाच मिनिटे भाजावे. कांदा आरंभीच घातल्यास वाफेने नरम पडतो किंवा करपतो. भांडे बाहेर काढल्यावर दहा मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे वाढताना रस्सा पसरत नाही. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर मिश्रण शिजवावे आणि कांदा वाढण्याच्या वेळी घालावा.

पर्याय आणि दक्षता

काजूची ॲलर्जी काही व्यक्तींमध्ये गंभीर स्वरूप धारण करू शकते. त्यामुळे पदार्थात काजू आहेत, ही माहिती वाढण्यापूर्वीच सर्वांना देणे अगत्याचे आहे. दुधाच्या रश्श्यासारखाच दिसणारा हा पदार्थ काजूचा आहे, हे केवळ पाहून कोणाच्याही लक्षात येत नाही. ॲलर्जी असलेली व्यक्ती उपस्थित असल्यास काजूऐवजी तेवढ्याच वजनाच्या सोललेल्या सूर्यफूल बिया वापराव्यात, मात्र त्या एक तासभर भिजवाव्यात. नारळाचे दाट दूधही चालते. ते जोरात उकळल्यास फाटते, हे मराठी स्वयंपाकघरांना सांगण्याची गरज नाही. नारळाच्या दुधाची चव मात्र लपत नाही आणि पदार्थ मूळ रूपापासून थोडा दूर जातो.

गव्हातील ग्लूटेन वर्ज्य असल्यास मैद्याऐवजी तांदळाचे पीठ घ्यावे. नेहमीच्या सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो, म्हणून वेष्टनावरील मजकूर तपासावा. विकतचा तळलेला कांदा, भाज्यांचे तयार सूप किंवा पाव वापरताना त्यांत दुधाची भुकटी नाही ना, हेही पाहणे आवश्यक आहे.

सणाच्या दिवशीची धावपळ टाळण्यासाठी फरसबी आणि रस्सा आदल्या दिवशी तयार करून शीतकपाटात वेगवेगळे ठेवता येतात. तळलेला कांदा हवाबंद डब्यात बाहेरच ठेवावा. थंड पदार्थ भाजण्यासाठी दहा ते पंधरा मिनिटे अधिक लागतात. काचेचे भांडे शीतकपाटातून थेट तापलेल्या भट्टीत ठेवू नये; ते तडकण्याचा धोका असतो.

दूध नसले तरी हा पदार्थ नाशिवंतच आहे. शिजवलेले अन्न सर्वसाधारण तापमानात दोन तासांहून अधिक काळ उघडे ठेवू नये, असा अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला आहे. उरलेले कॅसरोल त्याआधी उथळ डब्यात काढून शीतकपाटात ठेवल्यास तीन ते चार दिवस टिकते. पुन्हा वाढताना ते मध्यभागापर्यंत चांगले वाफाळेल इतके, म्हणजे सुमारे ७४ अंश सेल्सिअसपर्यंत, तापवावे. तापवताना रस्सा फार घट्ट वाटल्यास दोन चमचे गरम पाणी घालून ढवळल्यास त्याला पूर्वीचा मऊपणा येतो.