काठावरची ठिणगी

सोलापुरातल्या बंदुकांच्या दुकानात .२२ बोअरचं देखणं रिव्हॉल्व्हर हातात आलं की गिऱ्हाइकाचं बोट आपसूक चापाकडे जातं. जाणता दुकानदार तिथेच अडवतो, "रिकामा घोडा पाडू नका!" या जातीच्या हत्यारात घोड्याचा घाव काडतुसाच्या मधोमध न बसता कडेवर बसतो. काडतूस नसेल तर तो थेट सिलिंडरच्या पोलादी काठावर आदळतो आणि तिथे खाच पडते. म्हणून पारखी माणूस नळीच्या चकाकीआधी सिलिंडरच्या भोकांचे काठ न्याहाळतो.

कडेवरच घाव घालायची ही रीत आली पॅरिसच्या दिवाणखान्यांतून. लुई-निकोला फ्लोबेर या बंदूककाराने १८४५ च्या सुमारास ठासणीच्या बंदुकीची टोपी घेतली आणि तिच्या तोंडात शिशाची बारीक गोळी बसवली. दारू अजिबात नाही. टोपीतला स्फोटक मसालाच गोळी ढकलायचा, तीही घरातल्या घरात नेमबाजीचा खेळ खेळण्यापुरती. अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी हीच टोपी लांबवली, आत जेमतेम पाव ग्रॅम काळी दारू भरली आणि १८५७ मध्ये सात गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं.

मसाला त्या अरुंद कडेत भरायची युक्ती फार सुरेख आहे. ओला मसाला पुंगळीच्या तळाशी घालून ती गरगर फिरवतात; मसाला बाहेर फेकला जातो आणि कडेच्या पोकळीत चपखल बसतो. सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत सेंट्रिफ्यूगल यंत्र मळी बाहेर फेकतं, तसंच हे.

आता फ्रेंच अभिमानी म्हणतील, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा मान लफोशेचा. त्यांच्या बाजूला तारखा आहेत. युजेन लफोशेचं रिव्हॉल्व्हर १८५४ चं, म्हणजे तीन वर्षं आधीचं, आणि त्याचं सिलिंडरही आरपार भोकांचं. पण त्याच्या काडतुसातून एक पिन बाहेर डोकावायची. प्रत्येक काडतूस भरताना ती पिन नेमकी खाचेत बसवावी लागे, आणि हाताळताना तिलाच धक्का लागायची भीती. मोठा बार झाला खरा, पण वंश खुंटला. वंशावळ लावायची तर जिवंत शाखेवरून लावावी, आणि ती जाते फ्लोबेरच्या खेळण्यापाशी.

मौज अशी की अमेरिकेत आरपार भोकांच्या सिलिंडरचं पेटंट मिळालं ते रोलिन व्हाइटला, ३ एप्रिल १८५५ रोजी. म्हणजे लफोशेनंतर! स्मिथ-वेसननी त्याला दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देऊ केले, आणि नक्कल करणाऱ्यांशी कोर्टात भांडायचा खर्च त्याच्याच गळ्यात मारला. कोल्टसारखा बडा कारखाना १८६९ पर्यंत या एका कागदापुढे अडून राहिला. व्हाइटला मुदतवाढ द्यायचं विधेयक काँग्रेसने मंजूर केलं, तर राष्ट्राध्यक्ष ग्रँटने १८७० च्या जानेवारीत ते परत धाडलं. व्हाइटची कल्पना त्याच्या मूळ आराखड्यात फारशी चालणारी नव्हती; तिला जीव आला तो फ्लोबेरच्या टोपीमुळे.

पुढे मोठ्या बोअरने मधोमध ठिणगीचा मार्ग धरला. कड घावाने चेपायची तर पत्रा पातळ हवा, आणि पातळ पत्र्याला जबर दारूचा दाब सोसत नाही. कडेची ठिणगी मुख्यतः छोट्या .२२ मध्ये टिकली. १८८७ चं .२२ लाँग रायफल काडतूस आजही तेच काम करतं. एनसीसीचे कॅडेट त्यावरच नेम शिकतात. इशापूरच्या रायफल फॅक्टरीने 'निडर' रिव्हॉल्व्हर केलं, तेही .२२ चंच.

महाराष्ट्राला या काडतुसाने भरभरून दिलं, विशेषतः कोल्हापूरला. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला ४५१.४ गुणांनी ऑलिंपिक कांस्य मिळवलं, तेही फ्लोबेरच्याच देशात, शातोरूच्या रेंजवर. या पातळीवर मसाला कडेत सगळीकडे सारखा बसला आहे का, यावरही गुण ठरतात. म्हणून नेमबाज काडतुसांच्या एकेका लॉटमधल्या गोळ्या आपल्या नळीतून झाडून पाहतात, आणि ज्या लॉटचा गट सर्वांत घट्ट पडेल त्याचीच खोकी उचलतात.