तोच शॉट पुन्हा मारायचाय: एअर रायफलची सव्वादोनशे वर्षांची गोष्ट

या भागाचा हा लिखित अवतार. बसमध्ये आवाज नीट येत नाही म्हणून वाचणारे बरेच जण आहेत, त्यांचं खास स्वागत.

एअर रायफल नव्याने शिकणाऱ्या माणसाचा एक ठरलेला प्रश्न असतो. पहिला छर्रा दहावर, दुसरा सातवर, तिसरा परत नऊवर. मग रायफल बदलू का? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे आणि ते वाटतं त्यापेक्षा मजेशीर आहे. कारण रायफल बनवणारेसुद्धा दोन शतकं नेमकं याच गोष्टीशी झगडत होते. नेम लागणं ही एक गोष्ट झाली. तोच नेम पुन्हा पुन्हा लागणं, म्हणजे शूटर ज्याला ग्रुपिंग म्हणतात, ते वेगळंच प्रकरण आहे.

सुरुवात ऑस्ट्रियापासून. बार्टोलोमेउस जिरांडोनी नावाच्या कारागिराने बनवलेली हवेवर चालणारी रायफल १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारली. हो, सैन्याने! नळीच्या बाजूला वीसेक गोळ्यांची नळकांडी, आणि हवेची टाकी कुठे? तर थेट दस्त्यामध्ये. धूर नाही, ठिणगी नाही, पावसात दारू भिजायची भीती नाही. पण टाकी भरायला हातपंपाचे साधारण १५०० झटके मारावे लागायचे. (आपल्याला सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना घाम फुटतो.)

खरी अडचण मात्र पंपाची नव्हती. प्रत्येक शॉटला टाकीतला दाब थोडा उतरायचा. दाब उतरला की वेग उतरायचा आणि वेग उतरला की गोळी खाली पडायची. म्हणजे सैनिकाने सगळं अगदी तसंच केलं तरी पहिला आणि तिसावा शॉट एका जागी लागणार नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणू की इनपुट तेच, आउटपुट वेगळं.

लुईस आणि क्लार्क यांनी अमेरिका पालथी घातली, त्या मोहिमेतही एक एअर रायफल होती. वाटेत भेटणाऱ्या आदिवासी जमातींना ती चालवून दाखवायचे. पण त्याआधी, ३० ऑगस्ट १८०३ला पिट्सबर्गजवळ लुईसने ती बघायला म्हणून एकाच्या हातात दिली, ती अचानक उडाली आणि लांब उभ्या असलेल्या एका बाईच्या डोक्याला गोळी चाटून गेली. बाई वाचली. तेव्हा ‘हवेचीच तर बंदूक आहे’ असं म्हणणाऱ्या मित्राला ही तारीख पाठ करायला लावा.

पुढे स्प्रिंग आली. रायफल एकदा मोडून स्प्रिंग दाबायची, ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, समोरची हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. टाकीच नाही, त्यामुळे दाब उतरायचा प्रश्न मिटला. आणि नवा सुरू झाला! जड पिस्टन पुढे जाताना रायफल मागे ढकलली जाते आणि पिस्टन टोकाला थांबला की पुढे. हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत सुरू झालेलं असतं. म्हणून स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली की नेम बिघडतो. आज जितकं आवळलं तितकंच उद्या आवळणं कुणालाच जमत नाही. पुढचा हात तळव्यावर नुसती ठेवल्यासारखा हलका आणि दर वेळी त्याच जागी ठेवायचा. मैदानावर गेलात तर हे पहिल्याच दिवशी करून बघा.

जर्मनीत ओबेर्नडॉर्फ नावाचं गाव आहे, माउझर बंदुकांचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या माजी माउझर अभियंत्यांनी फाइनव्हेर्कबाउ ही कंपनी काढली. १९६०च्या दशकात त्यांनी या धक्क्यावर जो इलाज काढला तो मला फार आवडतो. धक्का थांबवायचा नाही, त्याला वाट द्यायची. नळी आणि यंत्रणा दस्त्यातल्या रुळांवर बसवली. शॉट सुटताना ती मागे घसरते, शूटरच्या खांद्याला फारसं कळतही नाही. त्याच दशकात, १९६६च्या जागतिक स्पर्धेत १० मीटर एअर रायफल आली आणि १९८४ला लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये. पुढे आधीच दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफली आल्या. त्यात रेग्युलेटर असतो, तो प्रत्येक शॉटला ठरावीक दाबाचीच हवा देतो. जिरांडोनीचा प्रश्न सुटला, दोनशे वर्षांनी.

म्हणजे आता रायफल दोषी नाही. मग उरलं कोण?

थोडं गणित करू. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर आणि छर्रा साडेचार मिलिमीटर. छर्रा ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मधोमधपासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. एक मीटर लांबीच्या रायफलचं टोक पाव मिलिमीटर हललं की १० मीटरवर अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. पाव मिलिमीटर! श्वास, नाडीचे ठोके, पायाची ठेवण, सगळं यात मोजलं जातं. सुमा शिरूर यांनी २००४ला क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० केले होते. चाळीस वेळा तेच.

पायाचं म्हणाल तर अभिनव बिंद्राचं अथेन्स आठवा. २००४ला तो ५९७ गुण करून अंतिम फेरीत पोचला आणि तिथे सातवा आला. नंतर कळलं की तो उभा होता तिथली फरशी सैल होती. बीजिंगच्या आधी मग त्याने चंडीगडला लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन त्या अंतिम हॉलसारखा सराव केला. काहींना हे वेड वाटतं, मला तो अगदी रास्त उपाय वाटतो. ११ ऑगस्ट २००८ला शेवटच्या शॉटआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन ६८९.७ वर बरोबरीत होते. हॅकिनेनने ९.७ मारला आणि थेट कांस्यवर घसरला. बिंद्राने १०.८. छर्रा केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

तुमच्या-माझ्यासारख्याने यातून एक गोष्ट लगेच उचलावी. रायफल लावून नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि उघडा. साइट टार्गेटवरून सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवा. हाताने ओढलेला नेम तिसऱ्या शॉटला स्नायू थकले की परत जातो. ट्रिगर ओढल्यावर निदान एक सेकंद तसेच थांबा, मान वर करून ‘लागला का?’ बघू नका. आणि छर्रा न घालता सराव करा. पण आपली रायफल त्यासाठी बनलेली आहे का, हे प्रशिक्षकाला आधी विचारा. स्प्रिंगवाली रायफल रिकामी उडवली तर पिस्टनची वाट लागते.

दहा शॉट मारा, टार्गेट जपून ठेवा, तारीख घाला. मध्यापासून लांब पण सगळे एका जागी पडले असतील तर साइटचे दोन क्लिक फिरवले की काम झालं. चौफेर पसरले असतील तर साइटला हात लावू नका.

पुढच्या भागात ५० मीटरची रायफल, म्हणजे कोल्हापूर. तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे. तोपर्यंत काय प्रश्न असतील ते व्हॉइस नोटने पाठवा.