थरांच्या मातीवर धातूचे नॅनोकण: कसे बनवतात आणि एकमेकांपासून दूर कसे ठेवतात?

सोनं गंजत नाही, हवेत काळं पडत नाही. पण १९८७ मध्ये जपानचे मासातके हारुता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की सोन्याचे अतिसूक्ष्म कण योग्य ऑक्साइडवर बसवले तर विषारी कार्बन मोनॉक्साइडचा शून्य अंशाच्या खालीसुद्धा कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे तेच सोनं उत्प्रेरक बनतं. स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक.

यामागे मोठा वाटा पृष्ठभागाचा आहे. क्रिया होते ती पृष्ठभागावरच्या अणूंवर, आतले अणू नुसते पडून असतात. १ सेंमी बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंमी. त्याचेच ५ नॅनोमीटरचे तुकडे केले तर १,२०० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची नऊ मैदानं! महाग धातू वाचतो तो असा.

अडचण एकच. गरम झाले की हे कण सरकतात आणि काचेवरच्या पावसाच्या थेंबांसारखे एकमेकांत मिसळून मोठे होतात. याला सिंटरिंग म्हणतात. उत्प्रेरक निकामी होण्याचं हे एक नेहमीचं कारण. म्हणून कणांना धरून ठेवणारा आधार लागतो, आणि इथे थरांची खनिजं कामाला येतात.

मॉन्टमोरिलोनाइट ही अशीच एक चिकणमाती. (विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती याच गटातल्या खनिजांमुळे.) तिच्या साधारण १ नॅनोमीटर जाडीच्या थरांवर ऋण भार असतो आणि मधल्या फटीत सोडियम, कॅल्शियमचे आयन सैल बसलेले असतात. ही माती पॅलेडियमच्या धनभारित संयुगाच्या द्रावणात ढवळली की आयनांची अदलाबदल होते. मग हायड्रोजन किंवा सोडियम बोरोहायड्राइड वापरून पॅलेडियमचा धातू करायचा. फट अरुंद असल्यामुळे बरेच कण थरांच्या कडेला आणि बाहेरच वाढतात, हेही खरं.

हायड्रोटॅल्साइटचं उलटं आहे. त्याचे मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचे थर धनभारित असतात, त्यामुळे फटीत ऋण आयन जातात. मात्र कार्बोनेट तिथे इतकं घट्ट बसतं, की बाकीच्यांना जागाच मिळत नाही. त्यामुळे आधी क्लोराइड किंवा नायट्रेटवालं रूप बनवतात, तेही उकळून गार केलेल्या पाण्यात आणि नायट्रोजनखाली, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइडच आत शिरतो.

माझ्या मते सगळ्यात हुशार पद्धत तिसरी. यात निकेल थरावर बसवत नाहीत, तर थर बनतानाच मॅग्नेशियमच्या काही जागांवर निकेल घालतात. भाजल्यावर थर मोडून मिश्र ऑक्साइड तयार होतं. त्यावरून तापलेला हायड्रोजन सोडला की आतलं निकेल बारीक कणांच्या रूपात पृष्ठभागावर उगवतं, जणू मुळं रोवूनच. असे कण सहज सरकत नाहीत. मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन बनवताना असे निकेल उत्प्रेरक वापरतात. त्या हायड्रोजनचा पुढे अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया.