इमोजीचं बटण आणि पुराच्या जुन्या बातम्या

कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि पूर्णविराम दाबा. इमोजींची अख्खी पेटी उघडते. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकदम दाबायचं. ऑफिसातल्या पोरानं परवा मला हे दाखवलं. गंमत वाटली, पण त्याच दिवशी दुसऱ्या एका गोष्टीनं डोकं फिरलं होतं. ती सांगतो, आधी थोडा इतिहास.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्याच्या चिन्हांच्या यादीत १ नंबरला हसरा चेहरा आणि ३ नंबरला बदाम होता. आल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांतला १ दाबला की ☺ उमटायचा. आजही विंडोजवर करून बघा.

पुढे वर्डमध्ये :) टाइप केलं की आपोआप हसरा चेहरा व्हायचा. पण ती नुसती रंगसफेदी. आत इंग्रजी 'जे' अक्षर, वर विंगडिंग्ज फॉन्टचा मुखवटा. मेल दुसरीकडे गेला आणि तिथं तो फॉन्ट लागला नाही, की वाक्याच्या शेवटी नुसता 'जे' लटकायचा.

आपल्या मराठीचं नेमकं तेच झालं. डीटीपीचे जुने फॉन्ट असेच. आत इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, वर मराठी वळण. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्या दिवशी मी २००५ च्या पुराच्या आमच्या बातम्या शोधत होतो. पाणी कुठल्या गल्लीपर्यंत आलं होतं ते बघायचं होतं. 'पूर' टाइप केलं, एकही फाइल सापडली नाही. एकेक उघडली तर सगळा कचरा.

वाईट याचं वाटतं की उपाय तेव्हाही होता. प्रत्येक अक्षराला एकच कायमचा नंबर देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. जपानी मोबाइलवरच्या इमोजींचा मोठा संच तिथं आला ऑक्टोबर २०१० मध्ये. त्याच खेपेला आपलं ₹ चिन्हही आलं. सरकारनं ते जुलैत मंजूर केलं होतं. म्हणजे मराठी १९ वर्षं आधी पोचली होती. आम्हीच छपाईच्या घाईत जुन्या फॉन्टला चिकटून राहिलो. चूक आमची.

आता त्या फायली युनिकोडमध्ये बदलायला घेतल्यात. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार नि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून ओळ न् ओळ छापील अंकाशी ताडून बघावी लागते. तुमच्या सोसायटीचे, ग्रामपंचायतीचे ठराव जुन्या फॉन्टमध्ये पडले असतील तर तेही बघून घ्या. पुढचा पूर काही फॉन्ट विचारून येणार नाही.

आणि कुणाकडे २००५ च्या पुराच्या वेळचे आपल्या गावातले छापील अंक असतील, तर मला नक्की कळवा. घरी येऊन फोटो काढून नेतो.