पाणी कोण हलवणार?

तलासरी तालुक्याला समुद्र भेटतो तो झाईला, आणि तोही गढूळ. महाराष्ट्रात पोवळी बघायला लोक खाली मालवणला जातात. तरी घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं मी ठरवलं, आणि लक्षात आलं की मासे मिळवणं सोपं, पाणी जिवंत ठेवणं अवघड. समुद्रात लाटा आणि भरती-ओहोटी पाणी फुकट हलवतात. घरात ते कोण हलवणार? या छंदात दीडशेहून जास्त वर्षं माणसं याच प्रश्नाला भिडताहेत.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला घरी आणली. ती हलू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजला शिवली. समुद्राचं पाणी मोजकंच होतं. मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. ओतायला घरकामाची मुलगी होती. तिला त्यात गंमत वाटायची, असं बाईंनी लिहून ठेवलंय. तिचं नाव मात्र लिहिलेलं नाही.

पुढे हे काम वाफेच्या इंजिनाकडे गेलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मत्स्यालय उघडलं. विल्यम लॉइड यांनी तिथे काचेच्या टाक्यांखाली त्यांच्याहून कितीतरी मोठा अंधारा हौद ठेवला आणि पाणी सतत वर-खाली फिरवलं. धातूचा अंश पाण्यात उतरला तर जीव मरतात, म्हणून पंपांसाठी कडक रबर वापरलं. आज टाकीखाली जो ‘संप’ ठेवतात, त्याचा हा पूर्वज.

१९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी वेगळी वाट दाखवली. समुद्रातले खडक टाकीत ठेवायचे आणि नुसते हवेचे बुडबुडे सोडायचे. खडकांतले जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया पचवतात. म्हणजे गाळणी खडकातच असते.

माझ्या टाकीत या दोघांचंही थोडं थोडं आहे. वरचं पाणी पीव्हीसी पाइपातून आपल्या वजनाने संपमध्ये उतरतं, स्किमर त्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढतो आणि पंप पाणी परत वर चढवतो. पाइपात एल्बो जितके जास्त, तितका पंपाचा जोर कमी. खडक कृत्रिम आहेत आणि मासे टाकीतच जन्मलेले, कारण आपल्या समुद्रातल्या भित्तिका बांधणाऱ्या पोवळ्यांना २००१पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

लाइट गेली की पंप थांबतो आणि वरचं थोडं पाणी खाली येतं. तेवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवलेली असते. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक आहे. तिथून हवा आत शिरते आणि पाण्याची ओढ तुटते, नाहीतर अर्धी टाकी जमिनीवर आली असती. पण पाणी थांबलं की त्यातला ऑक्सिजन कमी होत जातो. पावसाळ्यात लाइट लवकर येत नाही. बॅटरीचा एअर पंपही दमतो. मग एकच उपाय उरतो, मगने पाणी काढायचं आणि उंचावरून परत ओतायचं. मी कामावर असलो की हे आई करते.

“डोक्यावर हंडे आणण्यापेक्षा बरं,” ती म्हणते.

टाकीची एक वही मी ठेवतो. तारीख, खारटपणा, तापमान. त्याच ओळीत पुढे आता हेही असतं: लाइट नव्हती, आईने पाऊण तास पाणी ओतलं.